एकतीस ताटल्यांत पिवळ्या किती

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडबाई दुकानात आल्या आणि दारातच थबकल्या. समोरच्या फळीवर, जिथे गेली दोन वर्षं त्यांची फिकट पिवळी किटली असायची, तिथे एक पांढरी किटली होती. तोंडाशी टवका तोच. झाकणाची मूठ तशीच जरा कललेली. फक्त दांड्याला त्यांनी स्वतः गुंडाळलेला काळा दोरा कुणीतरी काढून तिथे निळा गुंडाळला होता.

“किटली कुणाला दिलीस?” त्यांनी भाचीला विचारलं.

“कुठली?”

“पिवळी. टवक्याची.”

भाची टेबलामागे बसून जुन्या कोटांची बटणं आकाराप्रमाणे वेगळी करत होती. तिने मान वर केली, फळीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

“ही काय समोर.”

“ही पांढरी आहे.”

“हो,” भाची म्हणाली. “तीच.”

शेडबाईंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी तो महिनाभर दिवसा काढू नका म्हणून बजावलं होतं, पण आता कोण ऐकतंय. त्यांनी उजवा डोळा मिटला. किटली पिवळी झाली, सकाळच्या उन्हात न्हाल्यासारखी, आणि दोरा काळा. मग डावा मिटून उजवा उघडला. किटली पांढरी. दोरा निळा. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. किटली मुकाट्याने रंग बदलत राहिली, जणू तिला सवयच होती.

“चोळू नकोस हं,” भाची म्हणाली. “थेंब घातलेस ना?”

“घातले.”

“मग मिचकावतेस कशाला? गिऱ्हाईक आलं तर म्हणेल, म्हातारी डोळा मारते.”

शेडबाई हसल्या नाहीत. एरवी त्यांनी भाचीला शब्दाला शब्द दिला असता. आज त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

शेडबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, तिथे पडलेलं. रंगून आलेली लडी मूळ नमुन्याशी ताडून बघायची, एवढंच त्यांचं काम. उत्तरेच्या खिडकीशी एक टेबल, टेबलावर राखाडी कापड, कापडावर दोन लड्या. मान तिरकी करून त्या क्षणभर बघत आणि म्हणत, “तांबडा जरा चढलाय.” की तो अख्खा माल परत हौदात. रंगखात्यातले दांडगे पुरुष त्यांच्यासमोर ओल्या हातांनी शाळकरी पोरांसारखे उभे राहत. एकदा साहेबांनी रंग मोजायचं यंत्र आणलं. यंत्र म्हणालं माल बरोबर, शेडबाई म्हणाल्या चूक. तीन दिवसांनी यंत्राचा दिवा जुना झालेला निघाला. तेव्हापासून कारखान्यात कुणाचं भांडण हातघाईवर आलं की लोक म्हणायचे, चला शेडबाईंकडे, त्या सांगतील काळं काय नि पांढरं काय.

लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. डोळा मात्र होता, आणि त्या डोळ्याचा त्यांना अभिमान होता. लोकांना मुलांचा असतो तसा.

पिवळा हा सगळ्यांत भित्रा रंग, असं त्या सांगत. थेंबभर निळा पडला की हिरवा होऊन बसतो, थेंबभर काळा पडला की आजारी पडतो. कारखान्यात पिवळ्याचा माल यायचा तेव्हा सगळे वैतागायचे, आणि शेडबाई साडीचा पदर खोचून पुढे व्हायच्या. आनंदी दिसणारी वस्तू सांभाळायला फार कडक माणूस लागतं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. त्यांनी ते कधी शब्दांत मांडलं नाही.

निवृत्त झाल्यावर भावाच्या बंद पडलेल्या शिंपीकामाच्या दुकानात त्यांनी नि भाचीने जुन्या वस्तू मांडल्या. भंगारातून आलेल्या इनॅमलच्या किटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, लाकडी हँगर, दिव्यांच्या टोप्या, चाव्या हरवलेली घड्याळं. शेडबाई हँगरला दोरा गुंडाळायच्या, टोपीला नवं कापड शिवायच्या, चौकटी घासून रंगवायच्या. फार कसबाचं काम नव्हे, कुणीही करावं असं. पण कशाशेजारी काय ठेवायचं, यात त्यांचा हातखंडा. त्यांचे नियम ठरलेले होते. पिवळ्याला एकटं सोडायचं नाही. पिवळ्याशेजारी राखाडी चालतो, काळा चालतो, सगळ्यांत छान म्हणजे पिवळ्याशेजारी दुसरा पिवळा, एक गडद आणि एक फिकट, थोरल्या नि धाकट्या बहिणींसारखे. निळा कधीच नाही. निळा-पिवळा म्हणजे औषधाच्या खोक्यावरचे रंग, असं त्या नाक मुरडून म्हणत.

आणि फिकट पिवळा तर त्यांचा जन्माचा ध्यास. गडद पिवळा काय, ढिगाने मिळतो. पण दुधात एकच थेंब पडावा तसा पिवळा जुन्या इनॅमलवर सहसा सापडत नाही. कारखान्यात एका बाईच्या डब्याखाली त्यांनी तशी ताटली पाहिली होती. नंतर वीस वर्षं दुसरी दिसली नाही. आणि गेल्या चार वर्षांत अचानक तशा वस्तूंचा पाऊस. आज ताटली, उद्या मग, परवा किटली. शेडबाईंना वाटलं, उतारवयात का होईना, नशीब उघडलं.

त्याच चार वर्षांत घरातल्या चादरी पिवळट दिसायला लागल्या म्हणून त्यांनी तीनदा साबण बदलला होता आणि धोबिणीशी बोलणं सोडलं होतं. चादर पिवळी दिसली की साबणाचा दोष, किटली पिवळी दिसली की आपलं नशीब. दोन्हींकडे बघणारा डोळा एकच आहे, हे काही ध्यानात आलं नाही.

आता आतल्या खोलीतल्या लांब टेबलावर एकतीस ताटल्या होत्या. हे त्यांचं आजवरचं सगळ्यांत मोठं काम. गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांच्यावर सोपवली होती. “मुलं घाबरून रडतात हो. काहीतरी हसरं करा, पिवळं,” एवढंच सांगून गेल्या होत्या. सहा महिने शेडबाईंनी ताटल्या जमवल्या. गडद पिवळ्या बारा आणि फिकट पिवळ्या एकोणीस. डॉक्टरीणबाई मध्ये एकदा येऊन बघून गेल्या, “वा, छान” म्हणाल्या. शनिवारी न्यायला येणार होत्या. आज मंगळवार.

शेडबाईंनी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि ताटल्या निवडायला घेतल्या, पूर्वी लड्या निवडायच्या तशा. डावीकडे पिवळ्या, उजवीकडे पांढऱ्या. डावीकडे बारा झाल्या. उजवीकडे सोळा. तीन ताटल्या हातात राहिल्या. त्या इकडे टाकवत नव्हत्या, तिकडेही टाकवत नव्हत्या.

सोळा पांढऱ्या ताटल्या. डाळीतले खडे दिसावेत तशा स्वच्छ पांढऱ्या. सहा महिने त्या या हाताने पुसल्या होत्या, एकेक उजेडाकडे धरून बघितली होती.

त्यांनी भाचीला हाक मारली. सरळ विचारायची हिंमत होईना, म्हणून आडून सुरुवात केली.

“या ताटल्या तुला कशा वाटतात?”

“छान आहेत.”

“रंगाने?”

“रंगानेच म्हणते. पिवळ्यात पांढरं टाकलंस ते बरं केलंस. मोकळं वाटतं. सगळेच म्हणतात, जोड्या लावाव्यात त्या तुझ्या आत्यानेच.”

शेडबाई स्टुलावर बसल्या. “मी पांढरं कधी टाकलं?”

भाचीला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे?”

“मी यांना फिकट पिवळं म्हणत होते. ऐकत होतीस ना?”

“ऐकत होते की. मला वाटलं, तुमच्या कारखान्यात पांढऱ्याचे पन्नास प्रकार असतील, त्यातल्या एकाला फिकट पिवळा म्हणत असतील. तू एकदा मला अर्धा तास सांगत नव्हतीस, राखाडीचे अकरा प्रकार?”

“आणि दोरा? किटलीला निळा दोरा कुणी लावला?”

“तूच. सगळ्यांना तूच लावतेस. निळा-पिवळा तर आपल्या दुकानाची खूण झालीय, आत्या. लोक तेवढ्यासाठी येतात.”

शेडबाईंनी रुमाल सोडला. दोन्ही डोळ्यांनी भाचीकडे पाहिलं. भाचीच्या अंगातला सदरा एका डोळ्याला एक दिसत होता, दुसऱ्याला दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये भाची मात्र एकच होती, काळजीत पडलेली.

“दिसायला छान दिसत होतं ना पण,” ती चाचरत म्हणाली.

“कुणाला?”



दुपारी भंगारवाला आला. दर मंगळवारी यायचा. पाठीवरचं पोतं उतरवून त्याने नेहमीप्रमाणे पाणी मागितलं. शेडबाईंनी पाणी दिलं आणि पांढऱ्या ढिगातली एक ताटली त्याच्यासमोर धरली.

“ही काय रंगाची?”

त्याने ताटलीकडे पाहिलं, मग शेडबाईंकडे, मग भाचीकडे. पेपर अवघड निघाल्यासारखं तोंड केलं. “तुम्ही म्हणाल ती.”

“मी तुला विचारतेय.”

“बाई, माझ्या मते पांढरी. पण माझ्या मताला काय किंमत.”

“चार वर्षं तू मला पांढरं पिवळं म्हणून देत होतास?”

“मी कुठे म्हणालो पिवळं? तुम्ही म्हणालात. मी गप्प बसलो.”

“का गप्प बसलास?”

“शेडबाईंना रंग मी सांगू? माझी टाप आहे का?” तो खाली बसला. “घरी बायकोला सांगितलं, शेडबाई पांढऱ्याला पिवळं म्हणतात. ती म्हणाली, त्यांना दिसत असेल काहीतरी आतलं, तू भंगार बघतोस, त्या रंग बघतात. मग मी एक ताटली घरी ठेवून घेतली. रोज बघायचो. दोन-चार दिवसांनी मला पण जरा पिवळसर वाटायला लागली, खोटं कशाला बोलू.”

भाची तोंडावर हात ठेवून आत गेली. शेडबाईंना कळेना, रागवावं की काय करावं. राग यायला समोर कुणीतरी फसवणारं लागतं. इथे सगळ्यांनी त्यांचा मानच राखला होता, आणि मान राखता राखता त्यांना चार वर्षं एकटं सोडलं होतं.

“खऱ्या पिवळ्या आहेत का तुझ्याकडे?” त्यांनी शेवटी विचारलं.

“पडल्यात की. गडद. तुम्ही फिकटच मागत होतात म्हणून आणल्या नाहीत.”

“उद्या घेऊन ये. असतील तेवढ्या.”

त्या संध्याकाळी आतल्या खोलीत दिवा लावून शेडबाई दाराच्या मागे उभ्या राहिल्या. चौकटी रंगवायला त्या दर वेळी स्वतः रंग कालवायच्या आणि कालवलेल्या रंगाचं एक बोट दाराच्या आतल्या बाजूला टेकवून शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायच्या. कारखान्यातली जुनी खोड. नऊ वर्षांची बोटं तिथे ओळीने होती. प्रत्येक वेळी तोच पिवळा कालवलाय, अशी त्यांची समजूत होती. उजव्या डोळ्याने पाहिलं तर वरच्या ओळी भरगच्च पिवळ्या होत्या, मधल्या जरा उतरलेल्या, आणि खालच्या, हातभर अंतरावरच्या, जवळजवळ नाहीतच. दाराच्या पांढऱ्या रंगावर कुणी ओलं बोट पुसावं तशा. डोळ्यात पिवळा साचत गेला तसतसा हाताने तो डब्यात कमी घातला होता. माणूस मोठमोठ्याने बोलणाऱ्या सोबत्यापुढे आपला आवाज हळूहळू उतरवत नेतो आणि एक दिवस गप्पच होतो, तसं.

“मला वाटलं, वयोमानाने तू सौम्य होत चाललीस,” मागून भाची म्हणाली.

“तोंडाने झाले का?”

“नाही. म्हणूनच जरा नवल वाटायचं.”

बुधवारी भंगारवाल्याने एकोणीस ताटल्या आणल्या. सगळ्या अस्सल पिवळ्या. शेडबाईंनी जुन्या बारांबरोबर त्या जमिनीवर मांडल्या, भिंतीवर लागायच्या तशा. एकतीसच्या एकतीस पिवळ्या. गेले सहा महिने त्यांच्या मनात जी भिंत होती, ती हीच. कामाच्या नादात थेंबांची वेळ टळून गेली. वाकायची बंदी होती, तरी त्या वाकल्या. भाची ओरडली, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग स्टुलावर बसून डावा डोळा झाकला.

काविळीचा वॉर्ड. दुसरा शब्द सुचेना. ताटल्या एकमेकींना घाम फोडत होत्या. बघणाऱ्याला कुठे टेकायला जागा नव्हती.

त्यांनी हात बदलला. उजवा डोळा झाकला. तीच मांडणी डाव्या डोळ्याला छान दिसली. ऊबदार, आपली, नेहमीसारखी. थोरल्या-धाकट्या नव्हत्या, सगळ्याच थोरल्या, पण आपल्या.

म्हणजे कसं, शेडबाई विचार करत बसल्या. मला जे आवडत होतं, ते मी कधी केलंच नाही. जे केलं, ते मला कधी दिसलं नाही. आणि लोक ज्याला शेडबाईंची नजर म्हणून वाखाणत होते, ते ना या डोळ्याचं ना त्या डोळ्याचं. मग ते होतं तरी कुणाचं? त्यांनी दोन्ही डोळे उघडले. ताटल्या कडेला किंचित थरथरत होत्या, दोन रंग एकाच जागेवर बसायला धडपडत असल्यासारख्या. डोकं दुखायला लागलं.

“सोमवारचं पुढे ढकल,” त्या भाचीला म्हणाल्या. सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

“का?”

“एक डोळा राहू दे.”

“कशाला?”

“दोन्ही गेले तर मला काय आवडायचं हे कुणाला ठाऊक राहणार?”

भाचीने फोन उचलला, हातात धरला आणि परत ठेवला. “उद्या तपासायला जायचंच आहे. तिथेच विचार. शनिवारपर्यंत मी काही फोन करत नाही.”

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. शेडबाईंचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. “डावा राहू द्यायचा तर राहू द्या, आजी. जबरदस्ती नाही. पण तो आहे तिथे थांबणार नाही. हा पिवळा उद्या तपकिरी होईल, मग धुकं. तुम्हाला जे जपायचंय, ते असंही जपून राहणार नाही.”

“मग खरा रंग कुठला? उजव्याचा?”

“उजव्यात आम्ही बसवलेलं भिंग आहे,” ते म्हणाले आणि जरा थांबले. “खराच म्हणायचा. डाव्यापेक्षा खरा.”

परतताना शेडबाई वाटभर नुसत्या बघत होत्या. रस्त्यावरच्या पाट्या, छत्र्या, बसची आसनं, सगळं धुऊन काढल्यासारखं उजळ होतं, आणि त्यातल्या कशाशीच त्यांची ओळख नव्हती. एका घराच्या गॅलरीत पांढऱ्या चादरी वाळत होत्या, इतक्या पांढऱ्या की निळीत बुडवल्यासारख्या. धोबिणीची माफी मागायला हवी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

शुक्रवारी त्यांनी नव्या एकोणीस पिवळ्या ताटल्या परत पोत्यात भरल्या. भाचीच्या फोनमध्ये जुन्या मांडणीचा फोटो होता, डॉक्टरीणबाईंनी “वा, छान” म्हटलेली. तो समोर ठेवून शेडबाईंनी जुन्या एकतीस ताटल्या जशाच्या तशा पुन्हा मांडल्या. दुसऱ्या कुणा बाईच्या कामाची नक्कल करावी तशा. ती बाई हुशार होती, हे कबूल करावं लागलं. कुठे थांबायचं हे तिला कळत होतं. तीन पिवळ्या एकत्र आल्या की ती हळूच एक पांढरी सोडायची.

पण जे आपण केलंय असं आपल्यालाच ठाऊक नव्हतं, ते आपलं म्हणून दुसऱ्याच्या भिंतीवर लावायचं कसं? कारखान्यात नमुन्याशी न जुळणारा माल त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. मग तो कितीही देखणा असो.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. अंगाला लवंगेच्या तेलाचा वास, केस घट्ट बांधलेले, हातात गाडीची किल्ली. जमिनीवरची मांडणी बघून त्यांनी मान डोलावली. “झकास. भरूया?”

“थांबा,” शेडबाई म्हणाल्या. “आधी ऐका. तुम्ही पिवळं मागितलं होतं. यातल्या बाराच पिवळ्या आहेत.”

“बरं.”

“बाकीच्या पांढऱ्या आहेत. मला पिवळ्या दिसत होत्या. मोतीबिंदू होता. हे मी ठरवून केलेलं नाही. गेल्या चार वर्षांत मी काहीच ठरवून केलेलं नाही.” इतकं बोलून त्यांना दम लागला. “तुम्हाला नको असेल तर राहू द्या. नाव माझं जाईल, तुमची भिंत तरी वाचेल.”

डॉक्टरीणबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून बसल्या. “बाई, खरं सांगू? मला रंगातलं शून्य कळतं. दात पिवळा की पांढरा, एवढंच मी दिवसभर बघते. मागच्या वेळी आले तेव्हा या ताटल्या पाहिल्या आणि म्हटलं, मुलांना मोजायला बऱ्या आहेत.”

“मोजायला?”

“बाहेर बसलेल्या मुलाला सांगायचं, पांढऱ्यांत पिवळ्या किती ते मोज, आत येऊन मला सांग. ते आत येतं, आकडा सांगायला तोंड उघडतं, की मी आरसा आत घालते. रडायला वेळच मिळत नाही. सगळ्या पिवळ्या असत्या तर काय मोजणार?” त्या उठल्या. “फक्त मला बरोबर उत्तर पाहिजे. कार्डावर लिहून ठेवते. किती म्हणालात, बारा?”

त्यांनी स्वतःच बोट नाचवत मोजायला सुरुवात केली आणि भुवया उंचावल्या. “पंधरा.”

“बारा,” शेडबाई म्हणाल्या.

“पंधरा आहेत हो. दात मोजून मोजून आयुष्य गेलं माझं, मोजण्यात चुकत नाही.”

भाचीही पुढे आली. ओठ हलवत तिने दोनदा मोजलं. “मला तेरा येतात.”

तिघी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. तिघींपैकी दोघींचे डोळे ठणठणीत. शेडबाई वाकल्या आणि त्यांनी त्या तीन ताटल्या उचलल्या, मंगळवारी हातात राहिलेल्या. एक जराशी साईच्या रंगाची. एक मध्ये पांढरी नि कडेला कुठेतरी वेगळी. तिसरी अशी की आता पांढरी, आता नाही.

“या तिन्ही पिवळ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ही एक,” भाची म्हणाली. “बाकी दोन काय पिवळ्या आहेत? जुन्या झाल्यात नुसत्या.”

शेडबाईंनी उजवा डोळा झाकला नाही, डावाही झाकला नाही. कारखान्यात तपासणाऱ्या दोघींचं एका लडीवर एकमत झालं नाही की ती लडी पासही करत नसत आणि परतही पाठवत नसत. खिडकीशी एक फळी होती, तिच्यावर चिठ्ठी लावून ठेवत. दुसऱ्या दिवशीच्या उजेडात पुन्हा बघायची. तिथे कधी कधी आठवडा-आठवडा माल पडून असे, आणि साहेब विचारायला आले की शेडबाई न लाजता सांगत, अजून ठरलेलं नाही. हे सांगताना तेव्हा काही कमीपणा वाटत नसे. उलट, न ठरल्याचं नीट सांगता येणं, हाच त्यांच्या कामाचा अवघड भाग होता. हे सगळं गेल्या चार दिवसांत त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

“कार्डावर तेरा लिहा,” त्या म्हणाल्या. “पेन्सिलीने.”

“पेन्सिलीने का?”

“सोमवारी या दुसऱ्या डोळ्याचं आहे. पट्टी निघाली की गुरुवारी येते दवाखान्यात, दिवसाउजेडी मोजते. तोवर तेरा.”

भाचीने आत्याकडे पाहिलं. फोन तिने केलाच नव्हता, आणि आता करायचं कारणही उरलं नव्हतं. ती गुपचूप जुनी वर्तमानपत्रं आणायला वळली.

“आणि मध्येच कुणी पंधरा म्हणालं तर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तोंड उघडलं ना त्याने? मग तुम्हाला काय करायचंय.”

डॉक्टरीणबाई खो-खो हसल्या. त्या हसण्यात शेडबाईही थोड्या सामील झाल्या, पण अर्ध्यातच थांबल्या, कारण हसताना डोळ्यावर ताण येतो असं डॉक्टर म्हणाले होते की आपल्याला तसं वाटलं, हेही आता नक्की आठवत नव्हतं.

ताटल्या बांधायला घेतल्या. भाची कागद फाडून द्यायची, शेडबाई गुंडाळायच्या, डॉक्टरीणबाई खोक्यात उभ्या लावायच्या. प्रत्येक पुडक्यावर शेडबाई रंग लिहीत होत्या, म्हणजे भिंतीवर लावताना गोंधळ नको. पिवळी. पांढरी. पांढरी. पिवळी. साईच्या रंगाच्या ताटलीपाशी आल्या तेव्हा त्यांनी ती गुंडाळली, पेन्सिल टेकवली, काही लिहिलं नाही. पुन्हा कागद सोडला आणि ताटली घेऊन दाराशी, उजेडात गेल्या.

“आत्या, गाडी रस्त्यात उभी आहे,” भाची म्हणाली.

“थांब जरा,” शेडबाई म्हणाल्या. “बघतेय.”